मामाच्या नावापुढचा रकाना

२८ मे

प्रिय कात्रीस,

पत्र मिळालं. बारावीला ब्याण्णव टक्के! मी ते वाक्य तीनदा वाचलं, मग मिस्त्रीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ही तुझी सख्खी भाची? मग अक्कल बापाकडून आलेली दिसते." माझ्या हातात काच होती म्हणून वाचला.

आता मुद्द्याचं. तू लिहितेस की आई पुढच्या शिक्षणाचं नाव काढत नाही, नुसती घरातल्या दुसऱ्या शिलाई मशीनला तेल घालत बसते. ताईला मी तुझ्याआधी सहा वर्षं ओळखतो. तिने मला वाढवलं आणि मग तुला, त्यामुळे तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला जास्त कळतो. ती तेल घालतेय म्हणजे तिने ठरवलंय. भावजी गेल्यापासून एकटीच्या शिवणावर घर चालतं, मी पाठवतो ते मिठाला पुरत असेल. कॉलेजची फी कुठून आणायची, त्यापेक्षा पोरीला मशीनवर बसवू, असं तिचं गणित. पण कात्रे, तू बसू नकोस. तुझी जीभच इतकी चालते की कापड राहायचं बाजूला, गिऱ्हाईकच कापलं जाईल.

ऐक. मी आता कुठे कामाला आहे माहीत आहे का? कॉलेजात! दचकू नकोस, खिडक्यांना काचा बसवायला. चार मजली इमारत आहे, जुनी तावदानं काढून सगळी नवी घालायची आहेत. सहा महिन्यांचं काम. मिस्त्री हिऱ्याने काच कापतो, मी आणि आणखी एक जण रबरी वाट्या चिकटवून ती उचलतो आणि चौकटीत बसवतो. खालच्या मजल्यावर ऑफिसच्या बाहेर सूचनांचा एक फळा आहे. आज जेवणाच्या सुट्टीत मी तो अख्खा उतरवून घेतला. काचांच्या मध्ये घालायला खाकी कागद येतो, त्यावर. सोबत जोडलाय. हुशार मुलांना फी देणाऱ्या लोकांच्या जाहिराती आहेत त्यात. यातली तुझी कुठली ते तू बघ, मला ती भाषा झेपत नाही.

तिसऱ्या मजल्यावर वाचनालय आहे. पूर्वेच्या खिडकीशी एक बाक आहे, त्यावर बहुतेक कोणी बसत नाही. मी काच पुसताना तुला तिथे बसवून बघतो. बरी दिसतेस.

तुझा
मामा

ता.क. ताईला सांग, या सुट्टीतही यायला जमत नाही. मिस्त्री सोडत नाही.


६ जून

मामा,

तुझा खाकी कागद मिळाला. तू अख्खा फळा उतरवलास हे अगदी खरं आहे. त्यात 'इथे सायकली लावू नयेत' आहे. 'उपाहारगृह मंगळवारी बंद' आहे. एका मुलीची निळी छत्री हरवली आहे, तिचं वर्णन तर इतकं छान उतरवलंयस की मला रडू आलं. आईने विचारलं, यातल्या कशाने फी मिळते? मी म्हटलं, छत्री सापडली तर.

पण थट्टा पुरे. त्यात तीन शिष्यवृत्त्या आहेत. एक खेळाडूंसाठी. मी धावले की शेजारचं कुत्रंसुद्धा मला गाठून पुढे जातं, तेव्हा ती सोड. दुसरी एका कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. तिसरी मात्र बघ. एका संस्थेची 'गुणवत्ता शिष्यवृत्ती'. नव्वदच्या वर टक्के हवेत, आणि यादीतल्या कुठल्याही कॉलेजात शिकता येतं. तुझं काचांचं कॉलेज त्या यादीत आहे! तू खाली अर्धंच वाक्य लिहिलंयस, "काही विद्यार्थ्यांना संपूर्ण खर्च". काही म्हणजे कोणाला? पुढचं काय झालं? जेवणाची सुट्टी संपली का?

अर्ज ऑफिसातच मिळतो असं वर लिहिलंय. तो आणून पाठव. आणि तुझं पत्र आल्यापासून आईने मशीनला तेल घातलेलं नाही.

मी तिला म्हटलं, मामा दिवसभर काम करून रात्रशाळेतून दहावी पास झाला, तोही एकसष्ट टक्क्यांनी, मग मी फी मिळत असताना कॉलेज का नाही करायचं? तर म्हणाली, "त्याच्यासारखी जिद्द कोणाकडे असते!" ऐक जरा. तुझी जिद्द आमच्या घरात चार वर्षं उशाला घेऊन झोपतात.

तुझ्या मिस्त्रीला आमचा नमस्कार सांग, आणि आधीच्या सगळ्या मुकादमांनाही. दर सुट्टीला त्यांच्या घरचं कोणीतरी आजारी पडतं किंवा मरतं. पाच वर्षांत त्यांची सगळी खानदानं संपली असणार, तरी ते तुला सोडत नाहीत म्हणजे कमाल आहे.

तुझी
कात्री


१३ जून

प्रिय कात्रीस,

अर्ज सोबत आहे. जपून उघड, आठ पानं आहेत.

तो कसा मिळवला ते ऐक. ऑफिसात एक चष्मेवाल्या बाई बसतात. मी गेलो तर अंगावर पुट्टीचे डाग, डोक्यात चुना. त्या मान वर न करता म्हणाल्या, "खिडकी पुढच्या आठवड्यात करा, आता गर्दी आहे." मी म्हटलं, खिडकीसाठी नाही, शिष्यवृत्तीसाठी आलोय. तेव्हा चष्म्याच्या वरून बघितलं. "कोणाला?" म्हटलं, भाचीला. "टक्के?" म्हटलं, ब्याण्णव. तुला सांगतो, तो आकडा तोंडातून बाहेर पडला आणि मी अर्धा फूट उंच झालो. बाईंनी खुर्ची दिली. मी बसलो नाही, खुर्चीला पुट्टी लागली असती.

त्या म्हणाल्या, लोकांना वाटतं शिष्यवृत्ती फक्त पहिल्या आलेल्याला मिळते, म्हणून कोणी विचारतच नाही, आणि वर्षावर्षाला पैसे तसेच पडून राहतात. विचारणाराच कमी. दोन प्रकार आहेत म्हणाल्या. साधी मिळाली तर निम्मी फी, वसतिगृह नाही, पुस्तकं नाहीत. पूर्ण मिळाली तर सगळंच. पूर्ण कोणाला ते अर्जात छापलंय म्हणाल्या. मी विचारलं नाही, कारण वरून मिस्त्री माझ्या नावाने बोंब मारत होता.

वीस जुलैच्या आत अर्ज इथे पोचायला हवा. तुझ्या सरांची सही लागेल.

बाकी रात्रशाळेचं ताईजवळ काय काढत बसतेस? झाली ती गोष्ट जुनी. आपलं तुझ्याबद्दल बोल.

कालपासून वाचनालयाची काच बसवतोय. त्या बाकावर सकाळी ऊन येतं, दुपारी जातं. तुला ऊन आवडत नाही ना, मग तू दुपारी बस.

तुझा
मामा


२२ जून

मामा,

पाच पानं भरली. सहाव्यावर गाडी अडली आहे, आणि अडली आहे ती तुझ्यापाशी.

सहाव्या पानावर घरातल्या माणसांची यादी आहे. 'एकत्र राहणाऱ्या किंवा घरखर्चाला हातभार लावणाऱ्या सर्व प्रौढ व्यक्ती.' नाव, नातं, काम, शिक्षण. मी आईचं लिहिलं, शिवणकाम, चौथी. मग तुझं लिहिलं. मामा, काचकाम, आणि शिक्षणाच्या रकान्यात अगदी ठळक, दहावी पास, एकसष्ट टक्के. खाली सूचना आहे, सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडावी.

अर्ज गणिताच्या सरांना दाखवला. त्यांनी सातव्या पानावर बोट ठेवलं. पूर्ण शिष्यवृत्ती कोणाला, तर 'ज्यांच्या घरात अर्जदाराखेरीज कोणीही दहावी पास नाही' अशांना. बाकीच्यांना निम्मी. सर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मामा काही तुझे वडील नव्हेत. शिवाय ते पाच वर्षं इथे राहत नाहीत. ती ओळ लिहिली नाहीस तर कोण बघायला येणार आहे?"

निम्म्या फीने आपलं भागत नाही. उरलेली निम्मी, वसतिगृह, पुस्तकं, कुठून आणायचं? निम्मी मिळाली तर मी मशीनवर बसणार, हे आईने न बोलता सांगितलंय. म्हणजे त्या एका ओळीवर सगळं आहे.

आईला सरांचं म्हणणं सांगितलं. ती शर्टाची कॉलर शिवत होती. पाय थांबला. म्हणाली, "माझ्या भावाला मी माझ्या घरातून कागदावरसुद्धा काढणार नाही. तो लांब आहे, नाहीसा झालेला नाही."

आणि मामा, मलाही नाही काढायचं. तू घरात नसलास तरी यादीत आहेस, तेवढंच आहे आमच्याकडे. तर तू तुझं प्रमाणपत्र पाठव, मी निम्मीसाठीच अर्ज करते. नंतरचं नंतर. देईल कोणीतरी.

तुझी
कात्री


२८ जून

कात्रे,

तू आणि तुझी आई, दोघी मिळून वेडाचं एक दुकान काढा.

सर बरोबर सांगतात. खोड मला. एक ओळ आहे, रबर घे आणि पुसून टाक. मी पाच वर्षं तिथे नाही. माझं ताट तिथे मांडत नाहीत, माझ्या चपला दारात नसतात. मी जे थोडंफार पाठवतो त्याला काय हातभार म्हणायचा? इथे दर सहा महिन्यांनी मी जागा बदलतो. आधी रंगकाम, मग गोदाम, मग बोटीवर माल चढवणं, आता काच. मिस्त्री म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे. असल्या माणसाला कोण घरात धरतं?

प्रमाणपत्राचं म्हणशील तर ते सापडत नाही. जागा बदलताना कुठे गेलं कोण जाणे. पेटी बघितली, गादी बघितली. तेव्हा ते राहू दे आणि मला खोड. पूर्ण शिष्यवृत्ती घे आणि इकडे ये. मी फाटकापर्यंत सोडायला येत जाईन, आत येणार नाही, तुला लाज वाटेल असं काही करणार नाही.

ताईला सांग, कागदावरून काढलं म्हणून माणूस जात नाही.

मामा


४ जुलै

मामा,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. 'कोण घरात धरतं' या वाक्यावर ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, "त्याला लिही, मी धरते."

तेव्हा खोडाखोड नाही. हे आता दोनदा झालं, एकदा सर, एकदा तू. तिसऱ्यांदा विचारू नकोस.

आणि प्रमाणपत्र हरवलं म्हणजे काय? तू ते घेतलंस तेव्हा आम्हाला लिहिलं होतंस की बक्षीस समारंभात मुख्याध्यापकांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. असली वस्तू हरवते? हरवली असेल तर दुसरी प्रत मिळते. सरांनी सांगितलं, शाळेत अर्ज करायचा, आठ दिवसांत देतात. शाळेचं नाव आणि वर्ष मला कळव, म्हणजे इथून सरच लिहितील. खांद्यावर हात ठेवणारे मुख्याध्यापक तुला विसरले नसतील.

वीस तारखेला सोळा दिवस उरलेत. रकाना भरून ठेवला आहे, नुसती प्रत जोडायची आहे.

माझं ऐक. तू आमच्यातला पहिला शिकलेला. तुझ्यामुळे मी शाळेत राहिले. आठवीत आई मला काढणार होती आणि तेवढ्यात तुझं पास झाल्याचं पत्र आलं. आई ते घेऊन सबंध गल्लीभर फिरली. दुसऱ्या दिवशी मला स्वतः शाळेत सोडून आली. ते मी अर्जातून पुसू? पुसून मिळवलेल्या कॉलेजात मला बसवेल?

शाळेचं नाव कळव. लगेच.

कात्री


९ जुलै

कात्रे,

शाळेचं नाव कळवून उपयोग नाही. त्यांच्याकडे माझं काही नाही.

मी दहावी पास नाही. मी दहावीला बसलोच नाही. एक वर्ष नाव घातलं होतं, चार महिने गेलो. दिवसभर पोती उचलून तिथे बसलो की सर बोलायचे ते कानाशी यायचं आणि परत जायचं. शिवाय माझं बूड एका जागी टिकत नाही हे तुला माहीत आहे. पाचव्या महिन्यात बोटीवरचं काम मिळालं, शाळा सुटली. माझं खरं शिक्षण सातवी नापास. एकसष्ट टक्के, खांद्यावर हात, समारंभ, सगळं मी लिहिलं ते एका मालाच्या ढिगावर बसून.

का लिहिलं ते सांगतो, मग पत्र फाडायचं तर फाड. त्या आठवड्यात ताईचं पत्र आलं होतं. तुझं अक्षर नव्हतं, तिने स्वतः लिहिलेलं, वेडंवाकडं. त्यात होतं, "तू शिकला नाहीस म्हणून उपाशी मेलास का? मग हिनेही शिकून काय दिवे लावायचेत. पुढच्या महिन्यापासून मशीनवर बसवते." मी काय उत्तर देणार? शिक म्हणायला माझ्या तोंडाला काय अधिकार? न शिकलेल्याने शिकण्याचं कौतुक सांगितलं तर कोण ऐकतं? म्हणून शिकलेला झालो. लिहिलं की पास झालो, पगार वाढला, हिला काढू नकोस. वाटलं होतं, तू आठवी पार केलीस की पुढच्या पत्रात खरं सांगेन. मग तू नववीत पहिली आलीस. मग दहावी आली, मग बारावी. दर वर्षी खोटं जड होत गेलं आणि तू हुशार होत गेलीस, दोन्ही एकदम.

आता नीट ऐक, रागवायचं ते नंतर रागव. मला खोडू नकोस. मला यादीत ठेव आणि रकान्यात खरं लिही. मामा, काचकाम, सातवी नापास. मग तुझ्या घरात कोणीही पास नाही. मग पूर्ण शिष्यवृत्ती तुझीच आहे, आणि ती तशी हक्काचीच होती.

नुसतं लिहून चालणार नाही, एकदा पास लिहिलंय म्हटल्यावर कोणी विचारलं तर? म्हणून काल चष्मेवाल्या बाईंकडे गेलो. त्यांनी सांगितलं तसं माझ्या हाताने लिहून दिलं. मी अमुक, राहणार अमुक, मी कोणतीही शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेलो नाही. 'उत्तीर्ण' हा शब्द त्यांनी पाटीवर लिहून दाखवला, मी बघून काढला. वाचून त्यांनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "सतरा वर्षं इथे बसते. पास असल्याचे खोटे कागद रोज येतात. नापास असल्याचा खरा कागद आज पहिल्यांदा बघितला." आत जाऊन साहेबांचा शिक्का आणला. कागद सोबत आहे. सहावं पान नवीन भर, तेही कोरं पाठवतोय.

ताईला कसं सांगायचं ते मला सुचत नाही. तू सांग. किंवा हे पत्र वाचून दाखव. पण ती कात्री हातात घेऊन बसलेली असेल तेव्हा नको.

मामा


२६ जुलै

कात्रे,

सतरा दिवस झाले. पत्र नाही.

अर्ज अठरा तारखेला इथे पोचला, हे चष्मेवाल्या बाईंनी सांगितलं. सहाव्या पानावर काय लिहिलंस ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही, फक्त म्हणाल्या, अर्ज पूर्ण आहे. मी खोडलेला आहे की लिहिलेला, एवढं तरी कळव.

रागावली असशील तर तसं लिही. चार शिव्या लिही. इथे पोस्टमन आला की सगळे माझ्याकडे बघतात.

वाचनालयाचं काम संपलं. आता तळमजला उरलाय.

मामा


१४ ऑगस्ट

मामा,

शिव्या चार नाहीत, जास्त आहेत, पण आधी बातमी. पूर्ण मिळाली. फी, वसतिगृह, पुस्तकं, तिन्ही वर्षं. गेल्या आठवड्यात पत्र आलं. सर आमच्या जिन्यात ओरडत आले, खालच्या मजल्यावरच्या आजींना वाटलं आग लागली.

आता शिव्या. मी नववीत तुझे एकसष्ट टक्के वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. त्यांना हरवायचं म्हणून बसायचे. मी हवेशी शर्यत लावली होती, मामा! एकटीच पळत होते. हे तुला माफ नाही. भेटशील तेव्हा बघते.

सहाव्या पानावर तू आहेस. मामा, काचकाम, सातवी नापास. ते लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं, पण लिहून झाल्यावर तू मला पहिल्यांदाच नीट ओळखीचा वाटलास. संस्थेच्या मुलाखतीला पाच जण होते. तुझा कागद त्यांनी हातोहात फिरवला, हा कशाला म्हणून विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. एकाने विचारलं, "मामाने चार वर्षं खोटं सांगितलं, तुझी काही तक्रार नाही?" मी म्हटलं, आहे ना. तो इथे नाही, ही तक्रार आहे. मग त्यांनी तुझा कागद पुन्हा अर्जाला जोडला.

आईचं सांगते. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, कात्री लांब ठेवून. दोन दिवस नुसतं शिवत होती. एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या आणि उसवत बसली. मी म्हटलं, आई, त्याने तुला फसवलं. तर म्हणाली, "ते नाही ग." आणि उसवता उसवताच म्हणाली, "सुट्टी मिळत नाही, सुट्टी मिळत नाही, म्हणून लिहायचा. सुट्टी नव्हे, कागद मिळत नव्हता त्याला. घरी आला असता तर मीच पहिल्यांदा म्हटलं असतं, दाखव रे प्रमाणपत्र. चार वर्षं माझ्या कौतुकानेच त्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं."

खरं आहे का रे हे? तू हे तुझ्या पत्रात लिहिलं नव्हतंस.

गल्लीला तिने स्वतः सांगितलं. नळावर चारजणी असताना. "माझा भाऊ पास झालेला नाही, पण त्याच्यामुळे माझी पोरगी झाली." एकीने तोंड वाकडं केलं, तिचं काही आई आता महिनाभर शिवणार नाही.

महिनाभर रागाने लिहिलं नाही, आणि हे शेवटचं लिहायला आणखी चार दिवस लागले. कॉलेज निवडायचं होतं. तुझ्या काचांचं कॉलेज मी पहिल्या क्रमांकावर लिहिलं. आईला दाखवलं. ती म्हणाली, "चांगलं आहे, मामा आहे तिथे." हसलीसुद्धा. मग संध्याकाळी बघितलं तर माझ्या कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि झालेली घडी मोडून पुन्हा तीच घालत होती. मी ते नाव खोडलं. यादीतलं दुसरं घेतलं, इथून चार तासांवरचं. पंधरा दिवसांनी घरी येता येतं.

तुझी सवय मोडली असेल त्या बाकाकडे बघायची. नसेल मोडली तर माफ कर. एक तारखेला कॉलेज सुरू होतं.

आईला तुला काहीतरी सांगायचं आहे, ते ती सांगते तसं लिहिते. "एकाला लांब पाठवला. त्याची पत्रं आली ती गोड आली, खरी नाही आली. आता दुसरी चालली. हिला सांगून ठेवलंय, वाईट असेल तरी खरं लिही. तूही तसंच लिही. आणि पत्रं पुरेत आता."

तुझी
कात्री


२० ऑगस्ट

ताई,

हे पत्र तुला आहे. कात्रीने वाचून दाखवायचं नाही, तूच वाच. अक्षर मोठं काढलंय, सावकाश लाव, घाई नाही.

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो. कात्री इकडे येत नाही हे वाचून मला वाईट वाटलं. दोन दिवस कामावर मापं चुकवली. मग लक्षात आलं, मी तिला इथे बोलावत होतो ते तिच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त. मला घरी येता येत नव्हतं, म्हणून घराचा एक तुकडा इकडे मागत होतो.

तू ओळखलंस ते खरं आहे. दर वर्षी पेटी भरायचो. शेवटी वाटायचं, ताई विचारेल. मग पेटी उघडायचो आणि तुला पत्र लिहायचो की मुकादम सोडत नाही, मिस्त्री सोडत नाही. ते बिचारे सोडत नव्हते असं कधीच नव्हतं. काल मिस्त्रीकडे सुट्टी मागितली, तर लगेच हो म्हणाला. वर म्हणाला, "कामाला लागल्यापासून पहिल्यांदा मागितलीस, मला वाटलं तुला कोणी नाही." मी म्हटलं, आहेत, दोघी आहेत.

शनिवारी निघतो, सोमवारी सकाळी पोचतो. कात्रीची पेटी तिच्या कॉलेजापर्यंत मी नेईन, तिला सांग दुसऱ्या कोणाला सांगू नकोस म्हणून. ती आत गेली की मी लगेच परत फिरणार नाही. महिनाभर राहीन. तू मशीन चालव, मी समोर बसेन. बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर नको. रागवायचं राहिलं असेल तर रागव. एवढी वर्षं तू माझ्यावर नीट रागावलीसुद्धा नाहीस, ते मला आता खटकतं.

गल्लीत कोणी विचारलं तर तुला सांगावं लागू नये, मीच सांगेन.

तुझ्यासाठी काही घेतलेलं नाही, दाखवायला काही नाही. हात हलवत येतो आहे, ताई. सोमवारी दार लोटून ठेव.

तुझा
भाऊ